डोईवरच्या केसांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमा होऊन मुरुडच्या होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या त्या दिवसांत, एक तरुण आपल्या विवाहाची कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आला. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व वर्गाचे प्रमाणपत्र, सारे नीट लावलेले. नोंदी झाल्या, घोषणा कोणत्या रविवारपासून करायच्या तेही ठरले. तरी तो खुर्चीवरून उठेना. हातातली टोपी फिरवीत बसला. शेवटी खाली पाहत म्हणाला, "फादर, केस लावून घेतले तर पाप लागेल का?"

मुलाचे वय अठ्ठावीस. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलेले, माथ्यावर विरळपणा दिसू लागलेला. ज्याला तो हा प्रश्न विचारीत होता त्या धर्मगुरूच्या डोक्यावर तिशीतच मैदान झाले होते, हे मी वाचकांना सांगून टाकतो. माझ्या जिभेवर विनोद आला होता. तो मी गिळला. तसे करण्याचे कारण जुने आहे, आणि या लेखाचेही कारण तेच आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. नाताळच्या गायनाचा सराव चालू होता. गायकवृंदातला एक मुलगा, आवाजाने उत्तम, पण सदा टोपी घालून बसणारा. देवळात पुरुषाने डोके उघडे ठेवावे ही आपली रीत. मी सराव थांबवून सर्वांदेखत म्हणालो, "टोपी काढ रे बाबा! तुझ्या माझ्या डोक्याचा उजेड पडला तर गव्हाणीपुढचे दोन दिवे वाचतील." सारे हसले. तोही हसला, आणि त्याने टोपी काढली. मला वाटले, मी त्याचा संकोच घालवला.

त्या नाताळनंतर तो सरावाला येईनासा झाला. नोकरीच्या वेळा बदलल्या असे कोणी म्हणाले, आणि मी ते मानले. उपवासकाळात एका संध्याकाळी तो आला, पुन्हा टोपी घालून. घरी कोणाला न सांगता तो शहरात गेला होता. एका जाहिरातीत अर्ध्या किमतीत केशरोपण होईल असे वाचून, हप्त्याने पैसे भरायचे ठरवून, एका दिवसात ते उरकून आला होता. शस्त्रक्रिया कोणी केली हे त्याला धड सांगता येईना. डॉक्टर सुरुवातीला येऊन पेनाने कपाळावर रेषा काढून गेले. पुढचे तास पांढरा कोट घातलेली दोन मुले काम करीत होती. जखमांमध्ये पू झाला. पुढचे केस आले ते तुटक, कपाळावर फार खाली आणि एकाच दिशेने उभे राहणारे. मागची बाजू, जिथून केस काढले होते, ती कसर लागलेल्या लोकरी कापडासारखी दिसत होती. हप्ते मात्र चालूच होते.

मी त्याला विचारले, "अरे, जाण्यापूर्वी मला तरी सांगायचेस." तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "फादर, करायचे की नाही, माझे ठरत नव्हते. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात त्या रात्री ठरले."

या घटनेची माझ्यापुरती नोंद अशी, की त्या मुलाच्या डोक्यावर जी चूक झाली तिच्यात वाटा माझाही होता. म्हणून मुरुडच्या त्या संध्याकाळी मी टोपी फिरवणाऱ्या तरुणाला चहा दिला आणि त्याच्याशी दोन तास बोललो. त्या बोलण्यात जे आले, आणि त्यानंतर मी जे वाचून व जाणत्या डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते येथे मांडतो.

प्रथम ही गोष्ट आहे तरी काय, ते पाहू. भाताची लावणी आपण सर्वांनी पाहिली आहे. राबातली रोपे उपटायची आणि चिखल केलेल्या खाचरात लावायची. केशरोपण हे दिसायला तसेच. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या बाजूचे केस सहसा आयुष्यभर टिकतात. ते मुळासकट काढून पुढच्या उजाड भागात लावतात. भाजलेल्या आणि जखमांच्या व्रणांवर केस उगवावेत म्हणून जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरांनी हे काम १९३९ साली प्रसिद्ध केले होते, पण महायुद्धाच्या धुमाळीत ते बाहेरच्या जगाला फारसे कळले नाही. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये टक्कल पडलेल्या पुरुषावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये त्यामागचे तत्त्व मांडले: केस जिथून काढला त्या जागेचा स्वभाव तो नव्या जागीही सोडत नाही. मागचा टिकाऊ केस पुढे नेला तरी टिकाऊच राहतो. या शोधावर आजचा सारा धंदा उभा आहे.

परंतु भाताशी केलेली तुलना एका ठिकाणी मोडते. भाताचे एक रोप लावले की त्याला फुटवे येतात, शेत भरून जाते. केसाला फुटवे येत नाहीत. जेवढे मागून काढले तेवढेच पुढे. एकूण संख्या तीच, किंबहुना हाताळताना काही मरतात म्हणून थोडी कमीच. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, आणि मागच्या बाजूने जन्मभरात मिळून काही हजार रोपेच सुरक्षितपणे काढता येतात, ज्यांना डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. एकेका रोपात एक ते चार केस. ही ठेव आहे, आणि तिच्यावर व्याज मिळत नाही. पंचविशीत सारी खर्च केली तर चाळिशीत हात रिकामे.

तरुणांच्या पश्चात्तापाचे मोठे कारण येथेच आहे. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या आसपासचे मूळचे केस आपल्या क्रमाने गळतच राहतात. बाविसाव्या वर्षी हौसेने शाळकरी पोराची कपाळरेषा आखून घेतली, आणि पस्तिशीत मागचे सारे ओसरले, तर कपाळापाशी केसांचा एक पट्टा तेवढा उभा राहतो. आमच्या राजपुरीच्या खाडीत जंजिरा उभा आहे तसा: चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये एक बेट. किल्ल्याला ते शोभते. म्हणून चांगला डॉक्टर कमी वयाच्या मुलाला बहुधा थांबायला सांगतो, गळतीचा कल पाहतो, वडिलांची आणि मामांची डोकी कशी आहेत हे विचारतो. टक्कल आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून येऊ शकते. उरलेले केस राखायचे तर रोपणानंतरही औषधे बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. मिनॉक्सिडिल लावायचे असते आणि फिनास्टेराइड पोटात घ्यायचे. या दुसऱ्या औषधाने काही थोड्या पुरुषांच्या वैवाहिक जीवनावर परिणाम होतो, ही गोष्ट लग्न ठरलेल्या मुलाला आधी माहीत हवी. जाहिरातीत ती नसते.

अजून एक. रोपण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात. मुळे आत राहतात, तीन-चार महिन्यांनी नवे अंकुर येतात, आणि खरा परिणाम कळायला वर्षभर जाते. हे ज्याला कोणी सांगितलेले नसते तो तिसऱ्या आठवड्यात आरशापुढे उभा राहून रडतो. तो गायक मुलगाही रडला होता, आणि घरी सांगितलेच नव्हते, तेव्हा कोणाजवळ रडणार?

आता जिवाच्या धोक्याविषयी. ही शस्त्रक्रिया जागच्या जागी बधिर करून होते आणि योग्य हातांत ती बरीच सुरक्षित असते, हे आधी म्हटले पाहिजे. उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. परंतु बधिर करणाऱ्या औषधालाही मर्यादा असते. माणसाच्या वजनाप्रमाणे त्याचे माप ठरते, आणि एकाच बैठकीत तासन्‌तास हजारो रोपे लावण्याचा हव्यास धरला की ते माप ओलांडले जाण्याचा संभव वाढतो. पुष्कळ ठिकाणी पैसे रोपागणिक घेतात, हे येथे ध्यानात घ्यावे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा अशा दीर्घ रोपणानंतर थोड्याच काळात मृत्यू झाला. नऊ हजारांहून अधिक केस एका बैठकीत लावल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्याआधी २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेणारा विद्यार्थीच अशा रोपणानंतर दगावला. त्या केंद्राकडे परवाना होता तो केस कापण्याच्या दुकानाचा. कानपूरमध्ये दोन अभियंत्यांच्या मृत्यूचे प्रकरण २०२५ साली पुढे आले. रोपण केल्याचा आरोप एका दंतवैद्यावर होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच नियमावली काढून सांगितले होते की हे काम रीतसर शिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने किंवा प्लास्टिक सर्जनने करावे, आणि कार्यशाळेत वा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही. असे लिहून सांगण्याची पाळी यावी, यातच सारे आले.

आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांनी याला आणखी एक हिशेब जोडला पाहिजे. शहरात सकाळी रोपण करायचे, संध्याकाळी बसने किंवा मांडव्याच्या बोटीने घरी परतायचे, असा बेत मुले करतात. मध्यरात्री चेहरा सुजला, श्वास अडकू लागला, तर मुरुडहून अलिबाग पन्नासेक किलोमीटर, आणि मुंबई त्याही पलीकडे. पहिल्या एक-दोन रात्री शहरातच कोणा नातलगाकडे काढाव्यात, हे सांगायला ईश्वरविद्येची गरज नाही. पण त्यासाठी नातलगाला सांगावे लागते, आणि गाडी तिथेच अडते.

त्या तरुणाचा मूळ प्रश्न मात्र ईश्वरविद्येचा होता. त्याला मी उत्तर दिले ते माझे नव्हे. पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे आपल्या मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जनांच्या परिषदेपुढे भाषण केले होते. ज्यांना वाटते की ख्रिस्तसभा अशा प्रश्नांवर नुसती मान हलवते, त्यांनी ते भाषण समजून घ्यावे. देहाचे सौंदर्य हे परमेश्वराचे देणे आहे, ते चांगले आहे, त्याची काळजी घेणे योग्य आहे. मात्र ते सर्वांत वरचे मूल्य नव्हे, आणि त्यासाठी असाधारण उपाय करण्याचे कर्तव्यही कोणावर नाही, असे त्यांनी मांडले. शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य हे हेतूवर, प्रकृतीला होणाऱ्या धोक्यावर आणि कारणाच्या वजनावर अवलंबून आहे. दुसऱ्याला मोहात पाडण्यासाठी किंवा न्यायापासून लपण्यासाठी गुन्हेगाराने चेहरा बदलणे त्यांनी स्पष्टपणे अयोग्य ठरवले. मनाला सतत टोचणारे व्यंग दूर करणे त्यांनी अयोग्य ठरवले नाही.

तेव्हा पाप लागेल का, या प्रश्नाचे उत्तर "केवळ केस लावले म्हणून नाही" असे आहे. आपण दात बसवतो, चष्मा लावतो, पांढरे केस रंगवतो. (आपल्या धर्मग्रामांतले कलप लावणारे सारे पुरुष उद्या पापनिवेदनाला आले तर माझी संध्याकाळची मिस्सा राहून जाईल.) तराजूच्या एका पारड्यात धोका आणि पैसा घातला, तर दुसऱ्यात काय ठेवतो आहोत, हा प्रश्न उरतो.

त्या तरुणाला मी विचारले, "तुला स्वतःला आरशात वाईट दिसते, की कोणी म्हटले?" तो बराच वेळ बोलला नाही. मग हळूहळू निघाले. मुलगी पाहायला गेले तेव्हा तिच्या एका मावशीने विचारले होते, नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ का हा? कामावर एक टोपणनाव पडले होते. घरी आई रोज खोबरेल चोळताना उसासे टाकत होती. त्याच्या डोक्यावर जे कमी होते त्याहून फार जास्त इतरांच्या तोंडात होते.

हे नवे नाही. अलीशा संदेष्ट्याला पोरांनी टकल्या म्हणून चिडवल्याची गोष्ट जुन्या करारात आहे, आणि त्या पोरांवर अस्वले धावून गेली. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती सांगताना मुले अस्वलांवर खूश होतात. चिडवणाऱ्यांकडे लक्ष कोणाचे जात नाही. याच करारातला शास्त्राचा भाग मात्र साधा आहे: ज्याचे केस गळले तो टकला, पण शुद्ध. म्हणजे त्यात दोष नाही. आपल्या ख्रिस्तसभेत तर धर्मसेवेत प्रवेश करणाऱ्याच्या माथ्यावरचे केस कापण्याची प्रथा शतकानुशतके होती. पोप सहावे पौल यांनी १९७२ साली ती बंद केली. जे एके काळी समर्पणाची खूण म्हणून मुद्दाम करीत, तेच फुकट मिळाले तर आज आम्ही लाजतो.

केसांवरून माणसाचे मोल ठरवण्याची महाराष्ट्राची कहाणी याहून दुःखद आहे. विधवा झालेल्या स्त्रीचे केस सक्तीने काढले जात; तो तिच्या डोक्यावर समाजाने दिलेला निवाडा होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच एकत्र येऊन, असे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार केला. या घटनेचा मी पुष्कळदा विचार करतो. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी हात आवरला. टक्कल पडलेल्या तरुणाचे दुःख त्या विधवांच्या दुःखाशेजारी ठेवण्याइतका मी अविवेकी नाही. पण वस्तरा जिभेचाही असतो, आणि तो माझ्या हातात होता.

त्या तरुणाने पुढे विचारले की हे होणाऱ्या बायकोला सांगावे काय. लग्नाआधी गुपचूप उरकून टाकावे आणि तिला नव्या डोक्यानेच सामोरे जावे, असा त्याचा बेत होता. आपल्या धर्मसंहितेत, कलम १०९८ मध्ये, फसवून मिळवलेल्या विवाहसंमतीविषयी नियम आहे; टक्कल लपवल्याने विवाह रद्द होईल असे त्यातून कोणी काढू नये, तो नियम संसाराला गंभीरपणे बाधणाऱ्या गोष्टींविषयी आहे. माझा मुद्दा कायद्याचा नव्हताच. हप्ते दोघांच्या संसारातून जाणार. औषधे त्यांच्या शेजघरात येणार. पहिल्या वर्षी केस गळून पुन्हा उगवायचे, तेही तिच्या डोळ्यांसमोर. आणि शिवाय, तिने त्याला टोपीशिवाय पाहिले होते ना? होकार तिने त्याच डोक्याला दिला होता. हे मी म्हणालो तेव्हा तो प्रथमच जरा हसला.

येथे मला एक कबूल केले पाहिजे. तसा होकार सर्वांना मिळत नाही. आपल्याच घरांत मुलाची स्थळे डोक्याचे छायाचित्र पाहून परत जातात. ज्याला तीनदा-चारदा नकार आला आहे, त्याला "देवाने दिले ते स्वीकार" असे सांगणे धर्मगुरूला स्वस्त पडते. अशा मुलाने नीट चौकशी करून, कर्ज न काढता, योग्य डॉक्टरकडून केस लावून घेतले आणि त्याची मान वर झाली, तर मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देईन, अर्थात जखमा भरल्यावर. असे समाधानी लोकही मला भेटले आहेत. त्यांच्यापैकी एकाने सांगितले की पाच वर्षे थांबून, पैसे साठवून, तीन डॉक्टरांना भेटून त्याने हे केले, आणि ज्या डॉक्टरने सर्वांत कमी आश्वासने दिली त्याला निवडले. त्याच्या पत्नीने पहिल्या रात्री उशाशी बसून त्याची मान वर धरून ठेवली होती.

आमचा तरुण पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तिला घेऊन आला. तिचे म्हणणे थोडक्यात होते: "फादर, मावशीला मी तेव्हाच गप्प केले असते. हा काही बोललाच नाही." दोघे मिळून मुंबईला त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून आले. गळती अजून चालू आहे, दोन वर्षे औषध घेऊन पाहा, मग ठरवू, असे डॉक्टरांनी सांगितले. औषधाचे बरेवाईट दोघांनी समोर बसून ऐकले. दोन वर्षांनी तो काय ठरवील ते त्याचे आणि तिचे.

त्या रात्री मी जुना पत्ता शोधून गायक मुलाला पत्र लिहिले. गायनाच्या सरावात मी जे बोललो ते सर्वांदेखत बोललो होतो. क्षमा मात्र इतकी वर्षे एकट्यानेही मागितली नव्हती. पत्रात सल्ला काही लिहिला नाही. मागच्या व्रणांवर उपचार होऊ शकतात असे एका डॉक्टरांनी मला सांगितले होते, तेवढे कळवले, आणि सोबतीला कोणी नसेल तर मी येईन असे लिहिले. पत्र टाकून आता तीन आठवडे झाले. मुरुडला टपाल सकाळी येते. पोस्टमनची सायकल वाजली की मी बाहेर जातो.